माउंटफर्डांचा कुलवृत्तांत

जावयानं सासूबद्दल लिहू नये असा काही नियम नाही. पण चांगलं लिहिलं तर लोकांना ते खोटं वाटतं, आणि खरं लिहिलं तर ते बायको वाचते. म्हणून इतकी वर्षं मी गप्प राहिलो. तसं गप्प राहणं हा माझा स्वभावच. आमच्या घरात बोलण्याचं खातं पहिल्यापासून शैलाकडे होतं, आणि सासूबाई अमेरिकेत आल्यावर तर शैलालाही फारसं काम उरलं नाही.

आम्ही तेव्हा वेस्ट विंडसरला राहत होतो. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलेलं. प्रिन्स्टनजवळच्या एका प्रयोगशाळेत माझी नोकरी, शैला नुकतीच कामावर परत जाऊ लागलेली, आणि मुलगी रांगायच्या बेतात. तिला सांभाळायला शैलानं आपल्या आईला पुण्याहून बोलावून घेतलं. सासरे त्याच्या आदल्या वर्षीच गेले होते. सासूबाईंनी दोन बॅगा आणल्या. एकीत डिंकाचे लाडू, बाळाच्या दुपट्यांचा गठ्ठा आणि भांडी घासायचा काथ्या, कारण अमेरिकेतला स्पंज म्हणजे नुसता फेस, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. दुसरीत कपडे आणि कपड्यांच्या मध्ये गुंडाळलेला एक जाडजूड ग्रंथ : सासरच्या घराण्याचा कुलवृत्तांत.

एका घराण्याच्या सगळ्या शाखा, कोण कुणाचा मुलगा, कोण कुठल्या गावी जाऊन राहिला, कोण दत्तक गेला, हे सगळं कुलवृत्तांतात असतं. संपादक म्हणून त्यावर सासऱ्यांचं नाव आहे. काम मात्र सासूबाईंचं. नातेवाइकांना पोस्टकार्डं टाकायची, उत्तर नाही आलं की पुन्हा टाकायची, तरीही नाही आलं की एस्टीनं त्या गावी जायचं आणि पणजोबांची नावं सांगेपर्यंत ओटीवरून उठायचं नाही. एका चुलत दिरानं म्हणे केवळ जेवायला वाढावं लागू नये म्हणून चार पिढ्या एका दमात सांगून टाकल्या. प्रस्तावनेत सासऱ्यांनी सासूबाईंचे आभार मानले आहेत. ‘सौभाग्यवतीचेही सहकार्य लाभले’, एवढंच. नाव नाही.

या बाईंना मी माझ्या घरी आणून ठेवलं, आणि शेजारच्या घरात राहत होत्या मिस एडिथ माउंटफर्ड.

मिस माउंटफर्ड लग्नावाचून राहिलेल्या, टेलिफोन कंपनीत जन्म काढलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या बाई. कानानं थोड्या अधू, हृदयानं बऱ्याच. बाळाची आजी आली म्हणून त्या घरी भाजलेला ‘ॲपल पाय’ घेऊन भेटायला आल्या. सासूबाईंनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि पुण्याच्या प्रत्येक पाहुण्याला विचारायच्या तेच विचारलं : तुमचं मूळ गाव कुठलं? सासूबाईंचं इंग्रजी जुन्या मॅट्रिकचं. सावकाश, पण व्याकरणशुद्ध. मिस माउंटफर्ड म्हणाल्या, ट्रेंटन. त्याच्या आधी? इंग्लंड, स्टॅफर्डशर. आजोबा, सॅम्युअल, कुंभारकाम करायचे. ट्रेंटनला चिनी मातीचे कारखाने निघाले तेव्हा तिकडून आले.

“आणि आजी?”

मिस माउंटफर्डना आजीचं नाव माहीत नव्हतं. अगदी लहान असताना काळ्या कपड्यातली एक म्हातारी खिडकीशी बसलेली पाहिल्याचं आठवत होतं. तिला ग्रँडमा म्हणायचं, एवढंच. वडील, विल्यम, त्या दिवसांबद्दल कधी बोलले नाहीत. ट्रेंटनच्या स्मशानात घराण्याची जागा होती, पण दगडावर फक्त आडनाव. आता डॉक्टर फार लांबचं बोलत नव्हते. म्हणून तिथे आजी-आजोबांच्या नावाचा नीट दगड बसवायचा आणि मगच आपण त्यांच्या शेजारी जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. “आपल्या बाजूला कोण झोपलंय ते माहीत असलेलं बरं,” असं म्हणून त्या हसल्या.

सासूबाई हसल्या नाहीत. पाहुण्या गेल्यावर शैलाला म्हणाल्या, “आजीचं नाव माहीत नाही. श्राद्धाला काय म्हणतात मग ही माणसं?”

मी म्हटलं, इथे श्राद्ध नसतं.

“तेच तर,” त्या म्हणाल्या. “रोजच्या कामात नाव लागलं नाही की ते विसरतं. मुकुंदराव, शनिवारी तुम्हाला काय काम असतं?”

शनिवारी मला काही काम नसायचं. तीच तर शनिवारची मजा होती. ती त्या दिवशी संपली.

त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी एका इंग्रज कुंभाराच्या मागे न्यू जर्सीभर हिंडलो. सासूबाईंना गाडी येत नव्हती. मिस माउंटफर्डना चालवायला डॉक्टरांची मनाई होती. शैलाला बाळ होतं. उरलो मी. सुती पातळ, त्यावर बाह्या दुमडलेला माझा जुना ओव्हरकोट, पायांत लोकरी मोजे आणि पांढरे स्नीकर्स, काखेत वही आणि मांडीवर दशम्यांचा डबा, अशा सासूबाई माझ्या शेजारच्या सीटवर बसायच्या. नकाशा त्यांच्या हातात असायचा, पण तो वळण येऊन गेल्यावर उघडायचा. “मागे होतं ते,” त्या शांतपणे सांगायच्या. हायवेवर मागे जाता येत नाही हे मी त्यांना वर्षभर समजावलं. “मग रस्ता बांधलाच कशाला असा,” हे त्यांचं उत्तरही वर्षभर बदललं नाही.

ट्रेंटनच्या सरकारी दप्तरात एक वाचनकक्ष होता. तिथे जुन्या शिरगणत्या फिल्मवर उतरवलेल्या असायच्या. यंत्राला फिल्म लावायची, हँडल फिरवायचं आणि पडद्यावर कुणा कारकुनाचं शंभर वर्षांपूर्वीचं अक्षर बघत बसायचं. बाकीचे लोक हे मुकाट्यानं करत. सासूबाई मोठ्यानं वाचत. नवरा, बायको, मुलगे, मुली, पोटभाडेकरू, सगळे. एखाद्या घरात फार मुलं दिसली की “अरे अरे”, आणि पुढच्या पानावर ती कमी झाली की पुन्हा “अरे अरे”. एकदा त्यांनी शेजारच्या यंत्रावरच्या गृहस्थांना त्यांच्या पूर्वजांबद्दल इतका वेळ मार्गदर्शन केलं, की शेवटी ते बिचारे म्हणाले, बाई, मी गटारांचे जुने नकाशे शोधतोय. तिथला दाढीवाला तरुण माझ्याजवळ येऊन हळूच विचारता झाला, “या तुमच्याबरोबर आहेत का?” नाही म्हणावं असं मला क्षणभर फार वाटलं.

एका दशकाची शिरगणती आगीत जळाली आहे, असं कळलं त्या दिवशी तर सासूबाई त्या दाढीवाल्यावर अशा संतापल्या की जणू काडी त्यानंच लावली. एवढा श्रीमंत देश, चंद्रावर माणसं पाठवतात, आणि कागद सांभाळता येत नाहीत.

पण दप्तर परवडलं. स्मशानं नको.

स्मशानात त्या काथ्या घेऊन जायच्या. शेवाळलेला दगड दिसला की बसून घासायला सुरुवात. दगड माउंटफर्डांचा असलाच पाहिजे असं नाही. एका राखणदारानं त्यांना हटकलं, तर त्यांनी त्याला दगड किती घाण ठेवला आहे ते दाखवून दिलं. तेवढ्यावर भागलं असतं तरी मी काही बोललो नसतो. पण स्मशानातून आल्यावर अंघोळ. दोघांचीही, डोक्यावरून. शनिवारी दुपारी, बाहेर बर्फ पडायची लक्षणं, आणि आम्ही दोघं पुढच्या दारानं न येता गॅरेजमधून घरात. कशाला शिवायचं नाही. आधी त्या न्हायच्या, कारण त्यांना बाळाला घ्यायचं असायचं. मग उरलेल्या पाण्यात मी. उरलेलं म्हणजे गार, हे गरम पाण्याची टाकी बघितलेल्याला सांगायला नको. मी गॅरेजमध्ये टॉवेल गुंडाळून उभा राहायचो आणि ज्या सॅम्युअल माउंटफर्डचं मी काही घेतलं नव्हतं त्याला मराठीत शिव्या द्यायचो. शैलाला म्हटलं, परक्यांचं कसलं सुतक. तिनं आत जाऊन विचारलं आणि उत्तर आणलं : “आई म्हणते, नाव शोधायला निघालो म्हणजे परके राहिले नाहीत.”

टोमणे असायचेच. कुलवृत्तांतात एखादा माणूस गाव सोडून गेला आणि त्याचं पुढे काही कळलं नाही, की त्याच्यापुढे ‘परागंदा’ असं लिहीत. सासूबाई वहीत इंग्लंडच्या बाजूनं घराणं मांडत होत्या, म्हणून सॅम्युअलपुढे त्यांनी ‘परागंदा’ लिहिलं. मी हसलो. आमटी वाढता वाढता त्या म्हणाल्या, “हसता काय जावईबापू. तुमच्या गावच्या वहीत तुमचंही तेच लिहिलंय.”

काम मात्र पुढे सरकत होतं, हे कबूल करायला हवं. एका चर्चनं तळघरात वंशावळींचं वाचनालय चालवलं होतं. तिथे मागणी नोंदवली की इंग्लंडातल्या गावांची विवाहनोंदींची फिल्म महिन्या-दीड महिन्यानं यायची. स्टॅफर्डशरची फिल्म आली. त्यात सॅम्युअल सापडला. सॅम्युअल माउंटफर्ड, कुंभार, आणि वधू हॅना शॉ. सॅम्युअलची सही, आणि हॅनाच्या नावापुढे सहीऐवजी फुली. सासूबाईंनी त्या फुलीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ हँडल फिरवलं नाही. लग्नानंतर लगेच ती दोघं अमेरिकेला निघाली होती.

पण ट्रेंटनच्या १८८०च्या शिरगणतीत आम्हाला आधीच सापडलं होतं ते असं : सॅम्युअल, बायको मार्था, मुलगा विल्यम.

मी म्हटलं, मग हा सॅम्युअल वेगळा असेल. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, कीव केल्यासारखं. वय तेच, धंदा तोच, मूळ मुलूख तोच. “हॅना माहेरचं, मार्था सासरचं,” त्या म्हणाल्या. “यात न समजण्यासारखं काय आहे?”

त्यांना खरोखरच त्यात काही न समजण्यासारखं दिसलं नाही. त्यांचं स्वतःचं माहेरचं नाव द्वारका. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं ‘सुमती’ लिहिलं गेलं आणि द्वारका संपली. त्यांच्या आईचं तसंच, सासूचं तसंच, कुलवृत्तांतातल्या झाडून सगळ्या बायकांचं तसंच. लग्नाच्या कागदात एक नाव आणि संसाराच्या कागदात दुसरं, हा त्यांच्या दृष्टीनं घोळ नव्हता, पुरावा होता. बाई तीच असल्याचा पुरावा.

आता मी जे आजवर कुणालाही सांगितलं नाही ते सांगतो.

मी त्या देशात दहाएक वर्षं राहिलो होतो. इंग्रज बाईचं आडनाव बदलतं, पाळण्यातलं नाव बदलत नाही, हे मला ठाऊक होतं. पण नुसतं एवढंच असतं तर मी ते त्यांच्याशी वाद नको म्हणून सोडून दिलं असं म्हणता आलं असतं. पुढच्याच शनिवारी, दशमी खायला बाहेर जाताना सासूबाईंनी मला यंत्राशी बसवलं आणि १९००ची शिरगणती काढून ठेवायला सांगितली. मला घर सापडलं. सॅम्युअल, मार्था. त्या शिरगणतीत एक रकाना असतो : लग्नाला किती वर्षं झाली. मार्थाच्या लग्नाची वर्षं विल्यमच्या वयापेक्षा कमी होती. म्हणजे विल्यम मार्थाचा नव्हता. म्हणजे हॅना आणि मार्था या दोन बायका होत्या, आणि मिस माउंटफर्डची आजी होती हॅना.

मला ते लगेच कळलं. आणि लगेच दुसरंही कळलं : आणखी एक बाई म्हणजे आणखी एक मरण, आणखी एक स्मशान, आणखी एक हिवाळाभर शनिवार. सासूबाई तोंड पुसत आल्या. मी त्यांना नावं आणि पत्ता वाचून दाखवला. “आणखी काही?” त्यांनी विचारलं. त्यांचे डोळे तोवर दमलेले असायचे. मी म्हटलं, नाही. आणि हँडल फिरवलं.

मिस माउंटफर्डच्या स्वयंपाकघरात सासूबाईंनी निकाल सांगितला. द्वारकेची सुमती कशी झाली तेही सांगितलं, ताटात तांदूळ पसरल्यासारखा हात फिरवून. मिस माउंटफर्ड पुढे वाकून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, मला सहसा कुणी इतकं काही सांगत नाही. मी निघालो तेव्हा त्या दारापर्यंत आल्या आणि हळू आवाजात मला विचारलं, “मुकुंद, आमच्यात असं करतात असं मी कधी ऐकलं नव्हतं. हे खरंच तसं असेल?” त्यांना मी खोटं बोलणार नाही अशी खात्री होती. मी फारसं बोलतच नसे म्हणून लोकांना तसं वाटतं.

मी म्हटलं, “शक्य आहे. त्यांना यातलं कळतं.”

थंडी कडक व्हायच्या आत दगड बसला. सॅम्युअल माउंटफर्ड, आणि त्याची पत्नी मार्था, जन्मनाव हॅना शॉ. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं. मिस माउंटफर्डनी मला मिठी मारली. मला वाटलं, संपलं.

कुठलं संपायला. पुढच्या शनिवारी ओव्हरकोट घालून सासूबाई दारात उभ्या. “आता काय राहिलं?” मी विचारलं, आणि माझा आवाज चढला असावा, कारण शैला आतून बाहेर आली. सासूबाई म्हणाल्या, वही पुरी झाली नाही. विल्यमला भावंडं असतील, लहानपणी गेलेली. त्यांची नावं लागतील. कुणाला लागतील, मी विचारलं. त्या गाडीत जाऊन बसल्या.

असेच काही शनिवार गेले. फेब्रुवारीत ट्रेंटनमधल्या एका जुन्या चर्चच्या पाद्रीबाबांनी त्यांना दफनाची नोंदवही बघू दिली. मी बाजूला खुर्चीवर पेपर वाचत होतो. वाचण्याचा आवाज मध्येच थांबला. तो कधी थांबत नसे म्हणून मी वर पाहिलं. हॅना, सॅम्युअल माउंटफर्ड कुंभाराची पत्नी, वय चोवीस, आणि तिचं तान्हं मूल. इथल्याच आवारात पुरलं.

परतीच्या वाटेवर नकाशा त्यांच्या मांडीवर मिटलेलाच राहिला. वळण चुकलं तेही त्यांनी सांगितलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी शैलाला सगळं सांगितलं आणि मिस माउंटफर्डकडे निघाल्या. शैलानं त्यांना अडवलं. आई, त्या आजारी आहेत, तो दगड लागला तेव्हापासून किती खूश आहेत, त्यांना आता आणखी थोडेच दिवस. कशाला? कुणाचं काय बिघडतंय? मीही म्हटलं, शैलाचं बरोबर आहे. मी तर म्हणणारच.

“तिला बरं वाटावं म्हणून मी तिची आजी बदलू?” सासूबाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. “आमच्या ग्रंथात बायकांची नावं सापडली नाहीत तिथे पुरुषांनी जागा कोरी ठेवली. मी त्यांना आयुष्यभर बोलले. पण निदान कोरी ठेवली. मी ती भरून टाकली. एका बाईच्या जागी दुसरी बाई भरून टाकली आणि वर कुंकू लावून आले.”

मग त्या गेल्या. अंगणात बर्फ गोठलेलं होतं म्हणून शैला त्यांचा दंड धरून बरोबर गेली. मी गेलो नाही. मी खिडकीशी उभा राहिलो आणि शेजारचं दार उघडलेलं, मग बराच वेळ बंद, मग पुन्हा उघडलेलं पाहिलं.

काय झालं ते शैलानं मला सांगितलं. मिस माउंटफर्डना आधी कळलंच नाही, मग कळलं तेव्हा त्या संतापल्या. त्यांचा संताप दगडावरचा नव्हता, पुढे वाकून ऐकलेल्या त्या द्वारका-सुमतीच्या गोष्टीवरचा होता. तुमच्या देशात असेल तसं, त्या म्हणाल्या, माझ्या आजीच्या गळ्यात ते कशाला घातलंत? आणि मग : तुमच्या जावयानं मला सांगितलं होतं, हे शक्य आहे म्हणून. मी त्याला मुद्दाम विचारलं होतं.

“आई काय म्हणाली?” मी विचारलं.

“आई म्हणाली, त्यांना यातलं काही कळत नाही. मी सांगितलं तेच ते बोलले. दोष माझा एकटीचा.” शैलानं माझ्याकडे पाहिलं. “तू खरंच तसं म्हणाला होतास?”

मी हो म्हणालो. रकान्याबद्दल बोललो नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढेही नाही. सासूबाईंनीही मला त्या ‘शक्य आहे’बद्दल एका शब्दानं विचारलं नाही. ही बाई हायवेवर चुकलेल्या प्रत्येक वळणाचा जाब विचारायची, आणि हा मात्र नाही. मी वाट बघत राहिलो. जेवताना पोळी वाढायला वाकल्या की वाटायचं, आता. पोळी ताटात पडायची आणि त्या पुढे जायच्या.

दोन घरांमधलं बोलणं बंद झालं. सासूबाई सकाळी खिडकीतून शेजारच्या दिवाणखान्यातला दिवा लागला का ते बघायच्या, बास. मार्च असाच गेला. मग एक दिवस मिस माउंटफर्डचा फोन आला. मला त्यांनी काही विचारलं नाही, फक्त म्हणाल्या, तुमच्या सासूबाईंना द्या. आणि कानानं अधू माणसं बोलतात तशा मोठ्यानं त्यांनी विचारलं, की मला आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून ऐकू आलं : “ती पुरलीय कुठे?”

दगडाचं पुढे काय झालं ते सांगून टाकतो. कारागिरानं ‘जन्मनाव हॅना शॉ’ ही ओळ घासून काढली. मार्था मार्थाच राहिली. मिस माउंटफर्डचं म्हणणं असं, की माझ्या वडिलांना तिनं वाढवलं, तिला हलवायचं नाही. नव्या दगडाला पैसे घालण्याऐवजी त्यांनी आपल्या स्वतःच्या नावाखाली काय कोरायचं ते लिहून ठेवलं, आणि त्या पुढच्या उन्हाळ्यात गेल्या तेव्हा तसंच कोरलं गेलं. एडिथ माउंटफर्ड, हॅना शॉची नात. सासूबाई तोवर पुण्याला परतल्या होत्या. मी त्यांना तो फोटो पाठवला, आणि काही वर्षांनी त्याही गेल्या. फोटोच्या पाकिटात मला आणखी एक कागद, त्या रकान्याबद्दलचा, घालायचा होता. तो मी लिहिला नाही.

पण मला त्या दोघी दिसतात त्या एप्रिलमधल्या शनिवारी, त्या चर्चच्या आवारात. आवार म्हणजे आता गाड्या लावायची जागा. दगड केव्हाच काढून भिंतीशी टेकवलेले, त्यांवरची अक्षरं गेलेली, माणसं मात्र खालीच राहिलेली, असं पाद्रीबाबांनी सांगितलं. मी गाडी लावली, दोघींना उतरवलं आणि आत बसून राहिलो. अंघोळीचं पाणी गार मिळणार हे धरून चाललो होतो. सासूबाईंच्या हातात नोंदवहीवरून काढलेला कच्चा नकाशा होता आणि मिस माउंटफर्डच्या हातात काठी. दोघी नकाशावर वाकल्या. एकीनं ओक वृक्षाकडे बोट केलं, दुसरीनं कुंपणाकडे. मिस माउंटफर्ड काहीतरी ओरडल्या, सासूबाईही ओरडल्या, पण ते भांडण नव्हतं, दोघींना एकमेकींचं नीट ऐकू यायला हवं होतं एवढंच. मग दोघी पावलं मोजत डांबरावरून चालत माझ्याच दिशेनं आल्या आणि माझ्या गाडीच्या पुढे थांबल्या. नकाशा पाहिला. खाली पाहिलं. पुन्हा नकाशा.

सासूबाईंनी काचेवर टकटक केली. मी काच खाली केली.

“मुकुंदराव,” त्या म्हणाल्या, “गाडी काढा इथून.”

मी मागे घेतली. त्यांनी हात केला, आणखी. मी आणखी मागे घेतली. मिस माउंटफर्डनी काठीनं डांबरावर एक लांबट चौकोन आखला, थोडा माझ्या बाजूला सरकवून पुन्हा आखला, आणि सासूबाईंनी पुन्हा हात केला. अजून. शेवटी मी आवाराच्या फाटकाबाहेर, रस्त्यावर होतो. आरशात माझ्यामागे कोणी नव्हतं. समोर माझ्या जुन्या ओव्हरकोटातली ती बुटकी आकृती वाकली, आणि माझ्या गाडीनं तिथे गाळलेला ऑइलचा ओला डाग तिनं पदरानं पुसायला घेतला.